जोडीला आणखी एक औषध : स्वादुपिंडाच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगावरच्या चाचण्या समजून घेताना

स्वादुपिंडाचा कर्करोग बहुतेकदा लक्षात येतो तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. गाठ यकृतात, पोटाच्या अस्तरात किंवा फुप्फुसात पसरलेली असते, नाहीतर शेजारच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना अशी वेढून बसलेली असते की ती सुखरूप काढता येत नाही. या दोन्ही अवस्थांना 'पुढच्या टप्प्यातील' कर्करोग म्हणतात आणि त्यात उपचाराचा मुख्य भार औषधांवर येतो. एकट्या औषधाने या रोगात फारसे साधत नाही, हे जुने दुखणे. त्यामुळे गेली पंचवीस-तीस वर्षे संशोधकांचा प्रयत्न एकाच दिशेने चालला आहे : हाताशी असलेल्या औषधाच्या जोडीला दुसरे, तिसरे, चौथे औषध द्यायचे आणि रुग्ण त्याने अधिक जगतो का, बरा जगतो का, हे पाहायचे. अशा चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा झाली, किंवा एखाद्या नव्या मिश्र उपचाराची बातमी वाचनात आली, तर तिची पारख कशी करावी, याची माहिती रुग्णाला आणि घरच्यांना असलेली बरी.

आधी एक खुलासा. स्वादुपिंडाच्या गाठी सगळ्या एका जातीच्या नसतात. दहापैकी नऊ गाठी पाचक रस वाहून नेणाऱ्या नलिकांच्या पेशींतून उगवतात. बायोप्सीच्या अहवालात त्यांना 'ॲडेनोकार्सिनोमा' म्हटलेले असते. 'न्यूरोएंडोक्राइन' असा शब्द अहवालात असेल तर तो वेगळा रोग आहे. त्याची चाल वेगळी, औषधे वेगळी आणि चाचण्याही वेगळ्या. या लेखात जे काही आहे ते पहिल्या जातीबद्दल आहे.

ही गाठ औषधांना दाद का देत नाही, याची दोन कारणे वारंवार पुढे येतात. एक म्हणजे गाठीत कर्करोगाच्या पेशींपेक्षा त्यांच्याभोवतीचे घट्ट, तंतुमय आवरणच जास्त असते. त्याने रक्तवाहिन्या दबतात आणि औषध आतवर नीट पोचत नाही, असे मानले जाते. दुसरे म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास रुग्णांच्या गाठीत 'के-रास' नावाच्या जनुकात बिघाड असतो आणि पेशींना वाढीचा हुकूम सतत मिळत राहतो. या जनुकातून तयार होणाऱ्या प्रथिनाला अडवणारे औषध अनेक दशके कुणाला साधले नव्हते. अलीकडे ते साधू लागले आहे. आवरण भेदायचे, हुकूम तोडायचा आणि त्याच वेळी केमोने पेशी मारायच्या, असा बहुतेक मिश्र उपचारांमागचा हिशेब असतो. कागदावर तो नेहमीच बरोबर दिसतो.

जेमसिटाबिन आणि त्याच्या जोडीदारांची पंधरा वर्षे

१९९७ साली हॉवर्ड बरिस आणि सहकाऱ्यांनी १२६ रुग्णांवरील चाचणीचा निकाल प्रसिद्ध केला. निम्म्यांना जुने फ्लुरोयुरॅसिल आणि निम्म्यांना नवे जेमसिटाबिन दिले होते. मध्यम आयुर्मान फ्लुरोयुरॅसिलच्या गटात ४.४१ महिने, तर जेमसिटाबिनच्या गटात ५.६५ महिने निघाले. वर्षभराने पहिल्या गटातले २ टक्के आणि दुसऱ्यातले १८ टक्के रुग्ण हयात होते. या चाचणीची विशेष गोष्ट अशी की तिचा मुख्य निकष आयुष्याची लांबी हा नव्हताच. वेदना कमी झाली का, वेदनाशामक गोळ्या कमी लागल्या का, हिंडणे-फिरणे सुधारले का, वजन वाढले का, यावर ती बेतली होती. असा लाभ जेमसिटाबिनच्या गटात २३.८ टक्के रुग्णांना झाला, दुसऱ्या गटात ४.८ टक्क्यांना. पुढच्या कित्येक चाचण्यांनी हा निकष बाजूला ठेवला, हे काही फार शहाणपणाचे झाले नाही.

त्यानंतर जेमसिटाबिन हाच पाया ठरला आणि त्यावर एकेक वीट चढवून पाहिली गेली. सिसप्लॅटिन, ऑक्सॅलिप्लॅटिन, इरिनोटेकॅन, पेमेट्रेक्सेड, सेटुक्सिमॅब अशी यादी बरीच लांब आहे आणि यातल्या एकाही औषधाला मोठ्या चाचणीत आयुर्मान ठोसपणे वाढवता आले नाही. बेव्हॅसिझुमॅबची कथा यात सर्वांत बोलकी आहे. हे औषध गाठीकडे जाणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या अडवते. जेमसिटाबिनसोबत ते ५२ रुग्णांना दिले तेव्हा मध्यम आयुर्मान ८.८ महिने निघाले आणि आशा उंचावल्या. त्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पुढे ६०२ रुग्णांची दोन गटांत विभागणी करून पाहिले, तेव्हा बेव्हॅसिझुमॅब मिळालेल्यांचे मध्यम आयुर्मान ५.८ महिने आणि न मिळालेल्यांचे ५.९ महिने आले. आधीचे ८.८ महिने निवडक, धडधाकट रुग्णांमुळे दिसले असावेत, असा त्याचा अर्थ लावला जातो.

एर्लोटिनिबचे उदाहरण उलट बाजूचे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ५६९ रुग्णांच्या चाचणीत ते औषध जोडल्यावर मध्यम आयुर्मान ५.९१ वरून ६.२४ महिन्यांवर गेले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक खरा ठरला आणि अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली. दिवसांत मोजला तर तो दहाएक दिवसांचा होता, आणि त्यासाठी अंगावर पुरळ, जुलाब आणि औषधाचा खर्च सोसावा लागत होता. 'फरक सिद्ध झाला' या वाक्यापुढे 'किती?' हा प्रश्न विचारायची सवय या एका उदाहरणानेसुद्धा लागावी.

जे टिकले ते

वाट बदलली ती फ्रान्समध्ये. नान्सीचे तिएरी कॉनरॉय यांच्या गटाने जेमसिटाबिन सोडूनच दिले आणि ऑक्सॅलिप्लॅटिन, इरिनोटेकॅन, ल्युकोव्होरिन व फ्लुरोयुरॅसिल एकत्र करून पाहिले. ही जुळणी 'फोलफिरिनॉक्स' या नावाने ओळखली जाते. ३४२ रुग्णांच्या या चाचणीचा निकाल २०११ साली आला : मध्यम आयुर्मान ११.१ महिने, तर एकट्या जेमसिटाबिनवर ६.८ महिने. दोन वर्षांनी, २०१३ साली, डॅनियल व्हॉन हॉफ यांच्या ८६१ रुग्णांच्या चाचणीत जेमसिटाबिनला नॅब-पॅक्लिटॅक्सेलची जोड दिल्यावर मध्यम आयुर्मान ६.७ वरून ८.५ महिन्यांवर गेले. नॅब-पॅक्लिटॅक्सेल म्हणजे अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेले जुनेच पॅक्लिटॅक्सेल. आज पहिल्या उपचारासाठी मुख्यतः याच दोन जुळण्या वापरल्या जातात. नव्या चाचणीत तुलनेचा गट यांपैकी एक घेतो आहे की आणखी काही, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे.

फोलफिरिनॉक्स म्हणजे रुग्णाच्या दृष्टीने नेमके काय, हे जवळून पाहायला हवे. दर दोन आठवड्यांनी डे-केअरमध्ये चार-पाच तास सलाईनमधून पहिली तीन औषधे जातात. मग छातीवर कातडीखाली बसवलेल्या पोर्टला एक छोटा पंप जोडतात आणि रुग्ण तो कमरेच्या पिशवीत घेऊन घरी जातो. त्यातून फ्लुरोयुरॅसिल ४६ तास थेंबथेंब जात राहते. दोन दिवसांनी पंप काढायला पुन्हा दवाखान्याची फेरी. ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे गार पाणी, फ्रीजमधली वस्तू, थंडीतली स्टीलची कडी हाताला लागली तरी झिणझिण्या येतात. इरिनोटेकॅनने जुलाब होतात. मूळ चाचणीत ४५.७ टक्के रुग्णांच्या पांढऱ्या पेशी गंभीर पातळीपर्यंत घसरल्या होत्या. म्हणून ती चाचणी ७५ वर्षांपर्यंतच्या, हिंडत्या-फिरत्या आणि ज्यांच्या रक्तातले बिलिरुबिन जवळपास योग्य पातळीवर आहे अशाच रुग्णांवर झाली. एवढे असूनही सहा महिन्यांनी जीवनमान कायमचे ढासळलेल्यांचे प्रमाण फोलफिरिनॉक्सच्या गटात ३१ टक्के होते, तर जेमसिटाबिनच्या गटात ६६ टक्के. औषधे तीव्र असली तरी रोगाला लगाम लागल्याने एकूण हाल कमी झाले. पुढे बऱ्याच केंद्रांनी यातला फ्लुरोयुरॅसिलचा झटपट द्यायचा पहिला डोस वगळून सौम्य रूप स्वीकारले.

२०२३ साली याच कुळातली 'नालिरीफॉक्स' ही जुळणी आली. तिच्यात इरिनोटेकॅन मेदाच्या सूक्ष्म आवरणातून दिले जाते. ७७० रुग्णांत तिचे मध्यम आयुर्मान ११.१ महिने आणि जेमसिटाबिन-नॅब-पॅक्लिटॅक्सेलचे ९.२ महिने निघाले. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत मान्यता मिळाली. तुलना मात्र फोलफिरिनॉक्सशी झालीच नाही. त्यामुळे महागडी नवी जुळणी स्वस्त जुन्या जुळणीपेक्षा सरस आहे का, हा प्रश्न या चाचणीने सुटत नाही. ११.१ आणि ११.१ हे दोन आकडे वेगवेगळ्या चाचण्यांतले, वेगवेगळ्या काळातले आणि वेगवेगळ्या रुग्णांचे आहेत. ते शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे कोणत्याही दिशेने चूकच.

जोड अपायकारक ठरते तेव्हा

अतिरिक्त औषधाने फायदा झाला नाही तरी तोटा तर नाही, अशी समजूत सर्रास असते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ती दोनदा तरी खोटी ठरवली आहे.

गाठीभोवतीच्या आवरणात हायलुरोनिक आम्ल भरपूर असते. ते विरघळवणारे विकर केमोसोबत दिले तर वाट मोकळी होईल, ही कल्पना प्राण्यांवरील प्रयोगांत छान उतरली. माणसांवरच्या दुसऱ्या टप्प्यातही, ज्यांच्या गाठीत हे आम्ल जास्त आहे अशा रुग्णांत, रोग थोपून राहण्याचा काळ लांबला. रक्तात गुठळ्या होऊ लागल्याने मध्ये चाचणी थांबवून रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने जोडावी लागली होती, पण उत्साह टिकून होता. मग तिसऱ्या टप्प्यात ४९४ रुग्ण घेतले. गाठ आकसण्याचे प्रमाण खरोखर वाढले : ३६ टक्क्यांवरून ४७ टक्के. मध्यम आयुर्मान मात्र ११.२ महिने आणि नव्या औषधाविना ११.५ महिने. स्कॅनवर गाठ लहान दिसणे आणि रुग्णाने जास्त जगणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट करून सांगणारे उदाहरण सापडणे अवघड.

हेच विकर सौम्य फोलफिरिनॉक्ससोबत दिले तेव्हा आणखी वाईट झाले. अमेरिकेतल्या त्या चाचणीत विकराच्या गटाचे मध्यम आयुर्मान ७.७ महिने आणि फक्त केमोच्या गटाचे १४.४ महिने निघाले. चाचणी मध्येच बंद झाली. विकरामुळे त्रास वाढला, रुग्णांना केमोच्या फेऱ्या कमी मिळाल्या आणि जे औषध मुळात उपयोगाचे होते तेच हातचे गेले, असे कारण दिले जाते. सॅरिडेजिब या आवरण पातळ करणाऱ्या दुसऱ्या औषधाचीही तीच गत झाली होती. उंदरांत ते जेमसिटाबिनला आत पोचवत होते. माणसांवरची चाचणी २०१२ च्या जानेवारीत थांबवावी लागली, कारण डमी औषध घेणारे जास्त जगत होते. आवरण रोगाला आश्रय देते तसे काही अंशी त्याला कोंडूनही ठेवते, हा विचार त्यानंतर बळावला.

जनुकांवर बेतलेल्या जुळण्यांतही असेच घडते. जन्मतः बीआरसीए जनुकात बिघाड असलेल्या रुग्णांना प्लॅटिनम गटातली औषधे चांगली लागू पडतात. त्यांना सिसप्लॅटिन-जेमसिटाबिनवर व्हेलिपॅरिब हे तिसरे औषध जोडून ५० रुग्णांत पाहिले. गाठ आकसण्याचे प्रमाण ७४.१ टक्के आणि तिसऱ्या औषधाविना ६५.२ टक्के, हा फरक ठोस ठरला नाही, आणि रक्तपेशींवरचा ताण तेवढा वाढला. याच कुळातले ओलॅपॅरिब मात्र केमोसोबत न देता, प्लॅटिनमने रोग आटोक्यात आल्यावर एकटे दिले तेव्हा रोग थोपून राहण्याचा काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर गेला. एकूण आयुष्य मात्र वाढले नाही. एकाच वेळी द्यायचे की एकामागून एक, हाही जुळणीतलाच प्रश्न असतो आणि त्याकडे पुरेसे लक्ष जात नाही.

टप्पे आणि आकडे

पहिल्या टप्प्याच्या चाचणीत डोस ठरवतात. तीन रुग्णांना एक मात्रा द्यायची, कोणालाही गंभीर त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना वाढवायची, एखाद्याला झाला तर त्याच मात्रेवर आणखी तीन रुग्ण घ्यायचे, ही जुनी पद्धत अजून चालते. मिश्र उपचारात हे काम किचकट होते. दोन औषधांचा मारा एकाच जागी, बहुधा अस्थिमज्जेवर, होत असेल तर एकाची मात्रा कमी करावी लागते. आणि कमी करायची ती नव्याची की जुन्याची, यावर पुढचे सगळे अवलंबून राहते. सिद्ध झालेल्या औषधाची मात्रा कापून नव्याला जागा केली जात असेल तर रुग्णाने त्याचे कारण विचारायला हवे. पहिल्या टप्प्यात येणाऱ्या रुग्णाने स्वतःला फायदा होईल असे गृहीत धरू नये. त्या टप्प्याचा तो उद्देशच नसतो.

दुसऱ्या टप्प्यात परिणामाची चाहूल घेतात. तुलनेचा गट नसेल तर निकाल कितीही गोजिरा असला तरी बेव्हॅसिझुमॅब आठवावे. तिसऱ्या टप्प्यात सोडतीने दोन किंवा अधिक गट पाडतात आणि कोणाला काय मिळणार हे रुग्णही ठरवत नाही, डॉक्टरही नाही. 'मला जुनेच औषध आले, म्हणजे फसवणूक झाली' अशी भावना इथे होते. वर सांगितलेल्या फोलफिरिनॉक्स-विकर आणि सॅरिडेजिबच्या चाचण्यांत जुने औषध मिळालेलेच नशीबवान ठरले होते. के-रासवर थेट काम करणाऱ्या डॅराक्सॉनरासिबची पहिल्या उपचारासाठी जी चाचणी आखली गेली तिच्यात तीन गट आहेत : एकटे नवे औषध, नवे औषध आणि केमो, आणि फक्त केमो. अशा रचनेतून परिणामाचे श्रेय कोणत्या घटकाचे, हे कळू शकते. सगळे एकदम एका गटात घातले तर कळत नाही.

निकाल वाचताना मध्यम आयुर्मान हा आकडा सर्वांत आधी समोर येतो. अकरा महिने मध्यम आयुर्मान म्हणजे निम्मे रुग्ण अकरा महिन्यांच्या आत गेले आणि निम्मे त्यापुढे जगले. एका रुग्णाला डॉक्टरांनी दिलेली ती मुदत नव्हे. त्याशेजारी वर्षभराने आणि दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण पाहावे, कारण काही उपचार थोड्याच रुग्णांना खूप लांब नेतात आणि मध्यम आकड्यात ते लपते. 'रोग न वाढता गेलेला काळ' हा निकष उपयोगी असला तरी आयुष्याची जागा घेत नाही. बातमीत 'धोका २० टक्क्यांनी घटला' असे असेल तर किती महिन्यांचा फरक, हे शोधावे.

चाचणी कोणावर झाली, हेही निकालाइतकेच महत्त्वाचे. जपानमध्ये सौम्य फोलफिरिनॉक्स, जेमसिटाबिन-नॅब-पॅक्लिटॅक्सेल आणि एस-१ या तिकडच्या गोळीवर आधारलेली तिसरी जुळणी यांची ५२७ रुग्णांत तुलना झाली. २०२३ साली निकाल आला तेव्हा युरोपातून आलेली अपेक्षा उलटली : जेमसिटाबिन-नॅब-पॅक्लिटॅक्सेलचे मध्यम आयुर्मान १७ महिने, फोलफिरिनॉक्सचे १४. भारतीय रुग्णासाठी यातला कोणता आकडा लागू, याचे सरधोपट उत्तर देता येत नाही. वजन, पोषण, मधुमेह, आणि इरिनोटेकॅन पचवणाऱ्या यूजीटी१ए१ या जनुकाचे रूप हे सगळे त्यात येते. या जनुकाची, तसेच फ्लुरोयुरॅसिलसाठी डीपीवायडी जनुकाची तपासणी रक्तातून होते. ज्यांना ही औषधे झेपणार नाहीत अशांना ती आधी ओळखते. चाचणीच्या आराखड्यात ती नसेल तर ती करून घेता येईल का, हे विचारायला हरकत नाही.

नाव देण्याआधी

चाचणीत दाखल होण्याची अट पूर्ण होते की नाही, हे पुष्कळदा अगदी साध्या गोष्टींवर अडते. काविळीने बिलिरुबिन चढलेले असते आणि पित्तनलिकेत स्टेंट टाकून ते उतरायला दोन-तीन आठवडे लागतात. बायोप्सीचा तुकडा इतका छोटा असतो की जनुक तपासणीपुरता ऊतक उरत नाही. म्हणून पहिल्याच बायोप्सीच्या वेळी पुरेसा नमुना घ्यायला सांगावे आणि पॅथॉलॉजीकडचा मेणातला ठोकळा कुठे ठेवला आहे याची नोंद ठेवावी. आधी एक फेरी केमो घेतली की पहिल्या उपचाराच्या बऱ्याच चाचण्यांची दारे बंद होतात. तेव्हा चाचणीची चौकशी केमो सुरू होण्याआधी करायची असते. त्याचबरोबर चाचणीची वाट पाहत उपचार महिना-दोन महिने लांबवणेही या रोगात परवडत नाही. आनुवंशिक बीआरसीए दोष किंवा एमएसआय-हाय (डीएनएमधल्या चुका दुरुस्त न होणारी) गाठ निघाली तर वाट वेगळी होऊ शकते, म्हणून या दोन तपासण्या चाचणीत जावो वा न जावो, करून घ्याव्यात. एमएसआय-हाय गाठ शंभरात एखाद्याचीच असते, पण त्याला इम्युनोथेरपी लागू पडू शकते.

भारतात चालणाऱ्या चाचण्यांची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया' या सार्वजनिक नोंदवहीत असते. २००९ च्या १५ जूनपासून ही नोंदणी सक्तीची आहे. नोंदवहीत रोगाच्या नावाने शोधता येते आणि प्रत्येक चाचणीत कोणती औषधे, किती रुग्ण, कोणती केंद्रे, मुख्य निकष कोणता, हे दिलेले असते. मुंबईचे टाटा मेमोरियल आणि खारघरचे त्याचे केंद्र यांसारख्या संस्थांत स्वतः नाव नोंदवून सल्ला घेता येतो. कोणी नव्या 'कॉम्बिनेशन'ची ग्वाही देऊन लाखोंची रक्कम मागत असेल आणि नोंदणी क्रमांक दाखवत नसेल, तर तिथून निघावे. नव्या औषधाच्या चाचणीत ते औषध रुग्णाला विकत घ्यायला लावत नाहीत.

२०१९ चे 'नवी औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम' रुग्णाला बऱ्यापैकी संरक्षण देतात. माहितीपत्रक त्याला कळेल अशा भाषेत हवे. मराठी रुग्णाला ते मराठीत मागता येते. त्यावर सही घाईने होऊ नये. घरी नेऊन वाचायला, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला वेळ मागावा. दुर्बल गटातल्या सहभागींच्या बाबतीत, अगदी नव्या रेणूची चाचणी असेल तर संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. नीतिसमितीत किमान सात सदस्य असतात, त्यांतले निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे आणि किमान एक सर्वसामान्य व्यक्ती. समितीचा दूरध्वनी क्रमांक माहितीपत्रकावर असतो आणि तो केवळ शोभेला नसतो. चाचणीमुळे इजा झाली तर वैद्यकीय उपचाराचा खर्च प्रायोजकाने करायचा असतो. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर भरपाई ठरवायचे सूत्र आहे, ज्यात ८ लाख रुपयांच्या मूळ रकमेला वय आणि आजाराच्या गंभीरतेचे गुणक लागतात. रोगच वाढला म्हणून झालेला मृत्यू यात धरला जात नाही, आणि पुढच्या टप्प्यातल्या स्वादुपिंडाच्या कर्करोगात हा भेद करणे नेहमी सोपे नसते.

माहितीपत्रकात काय आहे यापेक्षा काय नाही, तिकडे लक्ष द्यावे. जेमसिटाबिन किंवा नॅब-पॅक्लिटॅक्सेलसारख्या प्रचलित औषधाचे पैसे कोण देणार? रुग्णालयात राहणे, अधिकचे स्कॅन, पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शने यांचे काय? साताऱ्याहून किंवा नांदेडहून दर आठवड्याला मुंबईला यायचे तर प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च मिळणार का? रक्तचाचणी गावच्या प्रयोगशाळेत चालेल का? तीन आठवडे दर आठवड्याला एक फेरी आणि चौथा आठवडा मोकळा अशी वेळापत्रके कागदावर आटोपशीर दिसतात. थकलेल्या माणसाला एसटीने सात तास बसवून आणायचे म्हणजे काय, हे घरच्यांनी आधीच मोजलेले बरे.

चाचणी चालू असताना

दर आठ आठवड्यांच्या सुमारास सीटी स्कॅन होतो आणि मोजक्या गाठींचे माप घेऊन रोग वाढला, थांबला की आटला हे ठरवतात. सीए १९-९ या कर्करोगाच्या खुणेचा रक्तातला आकडा रुग्ण-नातेवाईक फार मनाला लावून घेतात. पित्त अडले की तो उगाच चढतो, आणि शंभरात पाच ते दहा जणांच्या शरीरात तो तयारच होत नाही. त्याच्यावरून एकट्याने निर्णय होत नाही.

ताप १००.५ फॅरेनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता फोन करायचा, हा नियम मिश्र केमोत मोडायचा नसतो. नॅब-पॅक्लिटॅक्सेलने बोटांना येणाऱ्या मुंग्या, शर्टाची बटणे लावताना होणारी अडचण, चप्पल पायातून निसटणे या तक्रारी 'सोसेन' म्हणून लपवल्या तर मात्रा वेळेवर कमी होत नाही आणि नस कायमची दुखावते. काढे, भस्मे, हळदीच्या गोळ्या, शेजाऱ्याने सुचवलेली मुळी यांची यादी संशोधकांना द्यायची असते. त्यात संकोच नको. यकृतावर आलेला ताण नव्या औषधाने आला की त्या मुळीने, हे कळले नाही तर रुग्णाचेही नुकसान होते आणि चाचणीचेही. अन्न पचत नसेल, शौच तेलकट आणि तरंगणारे होत असेल तर जेवणासोबत पाचक विकरांच्या कॅप्सूल लागतात. वजन टिकले तरच केमो टिकते. वेदना आणि भूक यांसाठी वेदनाशमन विभागाची मदत पहिल्या दिवसापासून घेता येते, चाचणीत असतानाही.

रुग्णाला कोणत्याही दिवशी, कारण न देता, चाचणीतून बाहेर पडता येते आणि त्यामुळे त्याचा नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. बाहेर पडण्याआधी शेवटचा स्कॅन, मिळालेल्या मात्रांची नोंद आणि जनुक तपासणीचा अहवाल यांच्या प्रती हातात घ्याव्यात. पुढच्या उपचाराची निवड त्यावरच होते. जेमसिटाबिनच्या जुळणीवर रोग वाढला तर मेदावरणातले इरिनोटेकॅन आणि फ्लुरोयुरॅसिल ही जोडी दुसऱ्या उपचारासाठी तपासलेली आहे : ४१७ रुग्णांच्या चाचणीत तिचे मध्यम आयुर्मान ६.१ महिने होते आणि एकट्या फ्लुरोयुरॅसिल-ल्युकोव्होरिनचे ४.२. चाचणीतले औषध रुग्णाला लागू पडले असेल आणि त्याला दुसरा पर्याय नसेल, तर संशोधकाच्या शिफारशीने आणि नीतिसमितीच्या मान्यतेने ते चाचणी संपल्यावरही विनामूल्य मिळण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. ती आपोआप लागू होत नाही. मुख्य संशोधकाकडे लेखी मागणी करून ठेवावी, आणि ती शेवटच्या फेरीच्या आत केलेली असावी.